आगीचा बाण

आमच्या खाप्यात शेजारच्या घरी अकरावीत शिकणारा एक मुलगा आहे. गेल्या दिवाळीत त्याने मला आपल्या लॅपटॉपवर एक धनुर्धारी स्त्री दाखवली. ती अंधाऱ्या माळावर उभी होती, समोरून राक्षसांचा जथा येत होता आणि तिच्या धनुष्यातून सुटलेला प्रत्येक बाण जमिनीत रुतून तेथे जाळ पेटवीत होता. तिच्या बाजूने लढणारे दोघे त्या जाळातून निर्धास्त ये-जा करीत होते. “पाहा न सर,” तो म्हणाला, “आपले लोकं आगीत उभे राह्यले तरी त्यायले काही होत नाही.”

त्याच वेळी त्याची आजी ओसरीतून अंगणातल्या लेकरांवर ओरडत होती. त्या घरी पहिल्या वेचणीचा कापूस येऊन पडला होता. समोरची खोली छतापर्यंत भरली होती आणि मुले बाटलीत बाण उभा करून वात पेटवण्याच्या बेतात होती. बाण उडवायचे तर नदीकडे न्या, असे तिचे सांगणे होते. कन्हान नदी आमच्या गावाला लागूनच आहे, तेव्हा सांगणे काही अवघड नव्हते. पण दिवाळीत ऐकतो कोण!

एकाच घरात, एकाच क्षणी, आगीचे दोन बाण. खोलीतला बाण आपपर जाणणारा, अंगणातला काहीच न जाणणारा. घरी आल्यावर मी या दोन बाणांतले अंतर मोजत बसलो आणि त्यातून हा लेख झाला. तो वाचण्यासाठी संगणकावरील खेळांची आवड असण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखकाचाही त्या विषयातला अधिकार एका जुन्या खेळापुरताच आहे.

तो खेळ म्हणजे ‘डायब्लो टू’. तो २००० साली आला आणि २०२१ साली त्याचे नवे रूप निघाले. म्हणजे हा खेळ त्या मुलाहून वयाने मोठा आहे. मी तो प्रथम २००३ साली पाहिला. तेव्हा मी नागपूरला एम.ए. करीत होतो आणि खोलीतल्या मित्राने जुने भाग जुळवून संगणक उभा केला होता. रात्री मी खांडेकर-मर्ढेकर वाचीत असे आणि तो राक्षस मारीत असे. त्याच्या त्या उद्योगाकडे मी आरंभी तुच्छतेने पाहिले, हे कबूल केले पाहिजे. पुढे असे ध्यानात आले की तो मारण्यापेक्षा हिशेबच जास्त करतो. त्याच्या वहीत आकडे असत, बाणांची नावे असत, खोडाखोड असे. त्याला म्हणे ‘आगीची धनुर्धर’ घडवायची होती.

हे घडवणे समजून घेण्यासारखे आहे. या खेळात पात्र एकेक पायरी चढते. प्रत्येक पायरीवर त्याला विद्येचा १ गुण मिळतो आणि देहाचे ५. देहाचे गुण ताकद, चपळाई, जीवनशक्ती आणि मनाची ऊर्जा यांत वाटायचे असतात. विद्येचा गुण मात्र एकाच विद्येला देता येतो आणि एका विद्येत असे जास्तीत जास्त २० गुण घालता येतात. अमेझॉन या धनुर्धर पात्राला आगीच्या तीन बाणविद्या उपलब्ध असतात. अगदी पहिल्या पायरीला साधा अग्निबाण. बाराव्या पायरीला लागताच फुटून आसपासच्यांना भाजणारा स्फोटक बाण. आणि चोविसाव्या पायरीला, जेथे पडतो तेथली जमीन काही काळ जळत ठेवणारा बाण. शेजारच्या मुलाने मला दाखवला तो हा तिसरा. २००३ साली खेळाच्या नियमांत एक मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून या विद्या एकमेकींना बळ देऊ लागल्या. पहिल्या अग्निबाणात घातलेले गुण तिसऱ्यालाही दाहक करू लागले आणि आरंभीची, टाकाऊ समजली जाणारी विद्या अखेरपर्यंत जोपासण्यात अर्थ आला. आमच्या मित्राच्या वहीतली खोडाखोड या दुरुस्तीमुळेच झाली होती. त्या काळी दिलेला गुण परत घेता येत नसे. ती सोय २०१० साली आली. मित्राने आपले गुण थोडे अग्नीला, थोडे हिमाला, थोडे एकाच वेळी अनेक बाण सोडण्याला असे वाटले होते आणि त्याची ती धनुर्धर कोणत्याच कामाची उरली नव्हती. शेवटी त्याने ती पुसून टाकली आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला.

या हिशेबात एक भेद मुळाशी आहे. साध्या बाणाची इजा धनुष्याच्या जातीवर आणि चपळाईवर अवलंबून असते. आगीची इजा मुख्यतः विद्येवर. चपळाई वाढवली तर आगीचा बाण लागण्याची शक्यता वाढते, पण त्याचा दाह त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून आगीची धनुर्धर घडवणारा जाणकार धनुष्य निवडताना त्याची मूळ इजा फारशी पाहत नाही. ते विद्येत किती भर घालते, हे पाहतो. धनुष्याला खाचा असतील तर तो त्यांत माणके बसवतो, कारण या खेळात माणिक हे शस्त्रात आग भरणारे रत्न आहे. असे धनुष्य दुबळ्या हातीही चालते. मराठीच्या माणसाला येथे थबकावे लागते, कारण हा भेद आपल्या परिचयाचा आहे. बाहुबलाने चालते ते शस्त्र आणि मंत्राने चालते ते अस्त्र. महाभारतातला आग्नेयास्त्राचा बाण आणि साधा नाराच यांत वस्तू म्हणून फार फरक नसावा. फरक सोडणाऱ्याच्या विद्येत आहे. हे शिकवायला कोणी पुराणिक गेला नव्हता, तरी खेळ रचणारे अमेरिकन तरुण तेथेच येऊन पोहोचले.

अर्थात अशा साम्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. उलट महाभारतात हे अस्त्र ज्या रीतीने येते तिच्याकडे पाहिले, तर खेळातल्या आगीत काय नाही हे कळू लागते.

आदिपर्वात पांडव रात्री गंगेच्या काठाने चालले असता अंगारपर्ण नावाचा गंधर्व त्यांना अडवतो. अर्जुन आग्नेयास्त्र सोडून त्याचा रथ जाळून टाकतो. पण सोडण्यापूर्वी त्या अस्त्राची वंशावळ सांगतो. बृहस्पतीने ते भरद्वाजाला दिले, भरद्वाजाने अग्निवेश्याला, अग्निवेश्याने द्रोणाला आणि द्रोणाने मला. शत्रू समोर उभा असताना ही गुरुपरंपरा म्हणून दाखवण्याची गरज काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. माझी समजूत अशी की ही आग आपली नव्हे, हे सांगितल्यावाचून ती सोडता येत नाही. ती हातात आलेली ठेव आहे. पुढे तोच गंधर्व मित्र होतो आणि अर्जुन त्याला ते अस्त्र देऊन बदल्यात घोडे घेतो. खेळाच्या भाषेत बोलायचे तर येथे गुण कमावला जात नाही, तो दुसऱ्याकडून मिळतो आणि दुसऱ्याला देताही येतो.

याच पर्वात पुढे खांडवदाहाचे आख्यान आहे आणि आगीच्या धनुर्धराची आपल्याकडची खरी गोष्ट ती आहे. ती बहुतेक उलटी सांगितली जाते. अर्जुनाने अग्निबाणांनी खांडववन जाळले, अशी आपली धूसर आठवण असते. मुळात तसे नाही. वन जाळतो तो अग्नी. अर्जुनाला गांडीव धनुष्य, दोन अक्षय भाते आणि कपिध्वज रथ मिळतो तोच मुळी या कामासाठी, अग्नीच्या विनंतीवरून, वरुणाकडून. त्याचे बाण आग लावीत नाहीत. ते आग विझू देत नाहीत. इंद्राच्या पावसाला बाणांचे छत घालून ते थोपवतात आणि जळत्या वनातून जो जीव बाहेर निसटू पाहील त्याला टिपून पुन्हा आत टाकतात. धनुर्धराने आगीचा उपयोग केलेला नाही. आगीने धनुर्धराचा केला आहे. त्या वनातून वाचतात ते तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले, इतकेच. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या लेखात या संहाराकडे नवी भूमी मिळवण्याचे साधन म्हणून पाहिले आणि त्यातल्या निर्दयतेवर बोट ठेवले. १९६७ सालच्या त्या पुस्तकाने आमच्या आधीच्या पिढीला महाभारत वाचायला शिकवले. खांडवदाहाबाबत तरी मला कर्व्यांच्या पुढे जाता येत नाही. एवढेच जोडावेसे वाटते की महाभारताने ही उसनवारी विसरू दिलेली नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी पुन्हा आडवा येतो आणि गांडीव परत मागतो. अर्जुन धनुष्य आणि भाते पाण्यात टाकतो. त्याआधी, मौसलपर्वात, ते अक्षय भाते रिकामे झालेले असतात, अस्त्रे आठवत नाहीत आणि काठ्या घेतलेले आभीर त्याच्या देखत स्त्रियांना ओढून नेतात.

आता काव्यातून बाहेर यावे. प्रत्यक्ष युद्धात पेटता बाण सोडणारे धनुर्धर आपल्याकडे होते काय? होते, असे मानायला चांगला आधार आहे. आणि तो आधार आपल्या इकडच्या माणसाला जवळचा वाटेल असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात किल्ला घेण्याचे उपाय सांगताना अग्नियोग दिले आहेत. देवदार, गुग्गुळ, राळ, लाख यांच्या गोळ्या. गाढव, उंट, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या. धातूंची चूर्णे, तेल, मेण. आणि पांगाऱ्याची व पळसाची फुले. फाल्गुनात आमच्याकडची रानेच्या राने पळसाने पेटलेली दिसतात. त्या फुलांचा होळीच्या रंगाखेरीज असाही उपयोग कोणी लिहून ठेवला आहे, हे मला र. पं. कंगले यांनी संपादिलेले अर्थशास्त्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. या मिश्रणाचा लेप देऊन, वर ताग आणि साल गुंडाळून बाण तयार करावा, असे कौटिल्य सांगतो. आगीच्या बाणाची ही कृती आहे, मंत्र नव्हे. या मिश्रणातल्या एकाचे नाव तर ‘विश्वासघाती’ असे आहे.

पण कृती सांगून झाल्यावर लगेच तो जे म्हणतो ते अधिक महत्त्वाचे आहे. पराक्रमाने काम होत असेल तर आगीचा वापर करू नये, असा त्याचा आदेश आहे. कारण आग भरवशाची नसते. ती माणसे, धान्य, गुरे, सोने यांचा अगणित नाश करते. आणि कोठारे जळालेले राज्य हाती आले तरी ते घेणाऱ्याला बुडवते. हे लिहिणारा कौटिल्य आहे, कोणी करुणेचा कवी नव्हे. विषप्रयोग, हेर, फितुरी यांना ज्याच्या ग्रंथात जागा आहे त्याला आगीची मात्र धास्ती वाटते, आणि ती हिशेबातून आलेली धास्ती आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही युद्धात वर्ज्य शस्त्रांच्या यादीत कूट शस्त्रे, आकड्याचे बाण, विषारी बाण यांच्या जोडीने पेटत्या टोकाचे बाण आहेत. ज्याची बंदी लिहावी लागते ते वापरात असते, हा इतिहासाचा साधा नियम येथे लावता येईल.

तरीही असे बाण युद्धाचे मुख्य साधन कधी झाले नाहीत आणि त्याला नीतीपेक्षा वस्तूचा स्वभाव अधिक कारण असावा. टोकाला तेलातला ताग गुंडाळला की बाण जड होतो आणि पल्ला घटतो. जोराने सोडला तर वाऱ्याने ज्योत विझते. हळू सोडला तर पोहोचत नाही. दोरी पूर्ण ओढावी तर जाळ हाताशी येतो. माणसाला मारण्यासाठी साधा टोकदार बाणच बरा. पेटता बाण कामाचा तो गवती छपरांवर, चाऱ्याच्या गंजींवर, जहाजाच्या शिडांवर. तो योद्ध्याविरुद्धचा बाण नाही, घराविरुद्धचा आहे. खेळातल्या धनुर्धराचा अग्निबाण नेमका याच्या उलट. तो फक्त देहांना जाळतो. वाटेतल्या झोपड्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

येथे एका जुन्या वादाचा उल्लेख टाळता येत नाही. आग्नेयास्त्र म्हणजे तोफ किंवा क्षेपणास्त्रच होते, असे आपल्याकडे आजही उत्साहाने सांगितले जाते, आणि बहुतेक वेळा सांगणाऱ्याला हे मत कोठून आले याची कल्पना नसते. त्याला पांडित्याचे रूप दिले ते गुस्टाव्ह ओपर्ट या मद्रासच्या जर्मन प्राध्यापकाने. १८८० साली त्याने प्राचीन हिंदूंच्या शस्त्रांवर पुस्तक लिहून, मुख्यतः शुक्रनीतीच्या आधारे, बंदुकीची दारू भारतात अतिप्राचीन काळापासून होती असे प्रतिपादन केले. शुक्रनीतीतला दारूच्या कृतीचा भाग उत्तरकालीन आहे, हे प्रफुल्लचंद्र रायांसारख्या रसायनाच्या इतिहासकारांनी सांगितले. लल्लनजी गोपाल यांनी तर तो ग्रंथच एकोणिसाव्या शतकातला ठरवला. म्हणजे ज्या ग्रंथातून प्राचीन तोफ सिद्ध करायची तो ग्रंथ कंपनी सरकारच्या तोफा ऐकून लिहिलेला! मला या अभिमानाचा राग येतो तो त्यात इतिहासाची चूक आहे म्हणून नव्हे. चुका सर्वांच्याच होतात. राग येतो तो अशासाठी की अस्त्र आमचे होते असे म्हणताना ते सोडण्याआधी सांगायची गुरुपरंपरा, कौटिल्याचा इशारा, मनूची बंदी, परत मागितलेले गांडीव, हे सारे गाळले जाते. आग तेवढी उचलायची आणि आगीविषयीचा विचार तेथेच टाकायचा.

खरे तर आपल्या भाषेजवळ सांगण्यासारखी गोष्ट आहे. ती फक्त इतकी जुनी नाही. बंदुकीची दारू आल्यावर आगीचा बाण धनुष्यातून सुटला तो कायमचा. दारू भरलेली लोखंडी नळी लांब बांबूला बांधायची, वात पेटवायची आणि सोडायची. धनुष्याची आणि बाहुबलाची गरजच उरली नाही. या नव्या वस्तूला मराठीने नवे नाव दिले नाही. तिला ‘बाण’च म्हटले. मोल्सवर्थच्या कोशात ‘बाण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत: धनुष्याचा तीर आणि दारूचा बाण. पुढे बोलण्यातून पहिला अर्थ मागे पडत गेला आणि तो मुख्यतः पुराणकथांत उरला. चिनी भाषेतही असेच घडले आहे. तेथे अग्नी आणि बाण मिळून झालेला जुना शब्द आधी पेटत्या बाणाचा होता, मग दारूच्या बाणाचा झाला, आणि आज अंतराळात जाणाऱ्या यानालाही तोच शब्द आहे. मराठीतही त्याला आपण अग्निबाणच म्हणतो. एका दृष्टीने पाहिले तर अग्निबाणाची विद्या खेळातल्यासारखीच पायरीपायरीने वाढली आहे; फक्त धनुर्धर मात्र मधल्या पायरीवरच गळून पडला.

या दारूच्या बाणाशी नागपूरचा संबंध आहे. ११ मार्च १७९५ रोजी, आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. दुसरे रघूजी भोसले आपली फौज घेऊन पेशव्यांच्या बाजूला होते. ग्रँट डफने केलेल्या वर्णनानुसार, निजामाच्या घोडदळाचा जोर वाढत असता रघूजींनी त्याच्यावर बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी शिंद्यांच्या पलटणींचा फ्रेंच सेनानी पेरॉन याने उंचवट्यावर लावलेल्या ३५ तोफा सुरू झाल्या. मारले तोफांनी, बिथरवले बाणांनी, असे या प्रसंगाबद्दल म्हणता येईल. बाणाचा नेम भरवशाचा नसे. वारा फिरला तर तो सोडणाऱ्यावरही उलटे. पण फूत्कारत, आग ओकत, जमिनीला घासत येणाऱ्या बाणापुढे घोडा उभा राहत नसे, आणि घोडदळाच्या युगात तेवढे पुष्कळ होते. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात बंगालच्या स्वाऱ्यांचे वर्णन पानोपानी असते. या बाणांवर मात्र कोणी थांबत नाही. म्हैसूरचे बाण जगप्रसिद्ध झाले, कारण १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्या धर्तीवर आपले बाण बनवले. इंग्रजांनी ते १८०७ साली कोपनहेगन शहरावर सोडले. पुन्हा घरांवरच.

त्याच काळात बाणाने करमणुकीचाही जन्म घेतला होता. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासावर एक छोटे पण मोलाचे पुस्तक लिहिले आहे. त्यात त्यांनी एकनाथांच्या ‘रुक्मिणी-स्वयंवरा’तल्या दारूकामापासून पेशवाईपर्यंतचे दाखले जमवले. पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग मला विशेष आवडतो. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात. तेथे राजा ‘दारूची लंका’ करवतो. रावण, राक्षस, घरे सगळे दारूचे. दारूचाच मारुती शेपूट पेटवून उडतो आणि लंका जाळतो. ते ऐकून पेशव्याला तसाच तमाशा पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तो करवला गेला. संगणकाचा पडदा नसताना रामायण खेळून पाहण्याची ही हौस होती, आणि ती जाळली जाणारी लंका कोणाचेही घर नव्हती. शेजारच्या मुलाचा खेळ याच कुळातला आहे, असे मला वाटते. दसऱ्याला अनेक गावांत रामाचा वेष घेतलेला मुलगा पेटता बाण सोडतो, तो वाटेतच विझतो किंवा चुकतो, आणि रावण मागे लावलेल्या वातीने पेटतो. कौटिल्याच्या काळी पेटत्या बाणाची जी अडचण होती ती अजून सुटलेली नाही!

आज नागपूर हे अग्निबाणांचे शहर आहे, ही गोष्ट नागपूरबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. ४४ सेकंदांत १२ बाण सोडणारी ‘पिनाका’ ही लष्करी प्रणाली कारगिलच्या युद्धात, १९९९ साली, प्रथम आजमावली गेली. तिच्या बाणांचे उत्पादन नागपूर परिसरातल्या कारखान्यांत होते. पिनाक हे शिवाचे धनुष्य. यंत्राला धनुष्याचे नाव दिले गेले. धनुर्धर नसला तरी धनुष्य हवे असते. पण या परिसराला दारूची दुसरीही ओळख आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी अमरावती रस्त्यावरील बाजारगावजवळच्या एका स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले. त्यांत ६ स्त्रिया होत्या. तेथे बाण बनत नव्हता. खाणकामात लागणाऱ्या स्फोटकांचे काम चालू होते. आमच्या खाप्याजवळ मँगनीजची खाण आहे, त्यामुळे सुरुंग हा शब्द गावाला नवा नाही. त्या दिवशी शत्रू नव्हता, युद्धही नव्हते, आणि आगीने आपली माणसे ओळखली नाहीत. ‘विश्वासघाती’ हे नाव मला त्या आठवड्यात फार वेळा आठवले.

मुलाला यातले थोडे सांगितले. कौटिल्याचा पळस त्याला आवडला. मनूची बंदी आवडली नाही. त्याची अडचण वेगळी होती. त्याची धनुर्धर खेळाच्या शेवटच्या, सर्वांत कठीण भागात पोहोचली होती आणि तेथले कित्येक राक्षस आगीने जळतच नव्हते. २००३ साली माझा मित्रही बरोबर येथेच अडकला होता. जो सारे गुण आगीला देतो त्याला अखेरीस आग न लागणारा शत्रू भेटतो, अशी त्या खेळाची रचनाच आहे. मित्राने तेव्हा काय केले होते, असे त्याने विचारले. मी सांगितले की त्याने काही गुण हिमबाणाला दिले आणि सोबतीला एक भाडोत्री शिपाई घेतला. मग परीक्षा जवळ आली. तो विचारात पडला. हिमाला किती गुण द्यावेत याचा हिशेब त्याने वहीवर सुरू केला. वहीच, त्या एका गोष्टीत वीस वर्षांत फरक पडलेला नाही.

मी निघालो तेव्हा अंगणातली मुले शेवटी नदीकडे गेली होती आणि तिकडून एकेक बाण वर जाऊन फुटत होता. आजी समोरच्या खोलीच्या खिडकीत ओले पोते अडकवत होती. एक कोपरा सारखा निसटत होता, तो मी धरला.